बकुलभाईचा सल्ला

हे मी आजवर ह्यांनाही सांगितलेलं नाही. आणि ह्यांना मी काय सांगत नाही? भाजीवाली काय म्हणाली इथपासून शाळेत मुख्याध्यापक कुणावर घसरले इथपर्यंत सगळं ह्यांच्या कानावर पडतं, ते ऐकोत न ऐकोत. पण हे नाही. बहिणीलाही नाही. आणि ज्याला सांगायला हवं होतं, त्याला तर... येते तिथे. जरा वेळ लागेल. एकदम तिथे जायची हिंमत नाही, म्हणून लांबून सुरुवात करते.

आम्ही मूळचे धुळ्याकडचे. ह्यांना तारापूरला कारखान्यात नोकरी लागली, बोईसरला बिऱ्हाड केलं आणि इथलेच होऊन गेलो. मासे खायला इथे शिकलो. वारा फिरला की एमआयडीसीकडून येणारा तो वासही आता आम्हाला येत नाही, पाहुण्यांनी नाक दाबलं की आठवतो. मी पालघरच्या एका शाळेत विज्ञान शिकवते. लोकलने मध्ये फक्त उमरोळी स्टेशन, की पालघर. आम्हाला एकच मुलगा, तन्मय. इंजिनियर झाला आणि बंगळुरूला गेला.

रोज फोन करायचा. खोटं कशाला बोलू, रोज करायचा. पण फोन हळूहळू तोकडे होत गेले. "आई, ठेवतो गं. डन्जनला जायचंय. ग्रुप थांबलाय." हा कसला ग्रुप, जो थांबलाय म्हणून माझ्या मुलाला घाई होते? मला त्या न बघितलेल्या माणसांचा राग यायचा. हेवा म्हणा हवं तर—हेवाच होता तो.

दिवाळीला आला तेव्हा त्यानेच दाखवलं. त्याचा कॉलेजचा संगणक घरीच होता, त्यावर तो खेळ टाकला. डन्जन म्हणजे त्या खेळातली गुहा. आत राक्षस, शेवटी त्यांचा मोठा राक्षस. एकट्याने जाता येत नाही, पाच जण लागतात. एक जण ढाल घेऊन पुढे उभा राहतो आणि सगळा मार अंगावर घेतो, तो टँक. तिघं मारतात. आणि एक जण मागे राहून सगळ्यांच्या जखमा भरत असतो, तो हीलर. तन्मय टँक होता. मला म्हणाला, "आई, तू हीलर हो. तसंही घरात तेच करतेस." आम्ही खूप हसलो. मी दोनदा स्वतःच दरीत पडले. तो परत गेला, आणि पुढच्या आठवड्यात मी फोनवर म्हणाले, "मला नाही बाई जमत ते." त्याला पटलं. कुणालाही पटलं असतं.

मी सोडलं नव्हतं.

ह्यांची सेकंड शिफ्ट असली की संध्याकाळ मोकळी. मी 'ग्रुप शोधा' ते बटण दाबायची. हीलर कायम कमी असतात, त्यामुळे मला लगेच चार अनोळखी माणसं मिळायची, आणि तितक्याच लगेच ती मला काढून टाकायची. मी भलत्याच्याच जखमा भरत बसायची, टँक मरायचा. चौघं मत देतात आणि पडदा काळा होतो, तुम्ही एकटे परत गावात उभे. वर्गाबाहेर काढलेल्या मुलाला काय वाटतं, ते इतकी वर्षं शिकवून मला कळलं नव्हतं. तिथे कळलं. पण मी चिकट आहे. शिकले. ह्यांना वाटायचं, शाळेचं ऑनलाइन प्रशिक्षण चालू आहे. शिक्षकांची ती प्रशिक्षणं संपतच नाहीत, त्यामुळे कुणाला शंका आली नाही.

माझं पहिलं पात्र तन्मयला ठाऊक होतं, म्हणून मी दुसरं काढलं. का? तेव्हा कुणी विचारलं असतं तर मी म्हटलं असतं, गंमत म्हणून. चांगलं जमायला लागलं की एकदम समोर जाऊन त्याला चकित करायचं. नावाच्या चौकटीत काय लिहावं सुचेना. आमच्या सोसायटीच्या फाटकाशी बकुळ आहे, तेच इंग्रजी अक्षरांत टाकलं.

आणि एके दिवशी त्या खेळातल्या गावात, जिथे सगळे आपापल्या जाहिराती लिहितात, तिथे त्याची ओळ दिसली. त्याच्या पात्राचं नाव ढाण्या. लिहिलं होतं, हीलर पाहिजे, रोज आठ वाजता, शिव्या देणारा नको. शिव्या देणारा नको! माझा मुलगा. मला इतकं भरून आलं. मी लिहिलं, मी आहे.

तर तिथे, त्याच क्षणी सांगता आलं असतं. पण त्याचाच निरोप आधी आला—"बकुलभाई, वापी साइड से हो क्या?" बकुल हे गुजराती पुरुषाचंही नाव असतं, हे माझ्या डोक्यातच नव्हतं. मी हसले. आणि लिहिलं, "हाँ, पास में ही." "रिटायर्ड?" "हाँ." "माइक है?" "ख़राब है."

एवढंच. बकुलभाई जन्माला आले.

रोज आठला आम्ही पाच जण जमायचो. इंदूरचे दोघे भाऊ, नाशिकची एक मुलगी, तन्मय आणि मी. ते चौघं बोलायचे, मी टाइप करायची. माझ्या कानांत हेडफोन आणि हेडफोनमध्ये माझा मुलगा! तो असा हसतो हे मी विसरले होते. फोनवर आईशी बोलताना मुलं वेगळ्याच आवाजात बोलतात, तुमच्या लक्षात आलंय का? हा त्याचा खरा आवाज होता. पुढे ढाल घेऊन तो, मागे मी. त्याला लागलं की माझी बोटं आपोआप चालायची. गुहा संपली की बाकीचे निघून जायचे आणि तो मात्र रेंगाळायचा, "बकुलभाई, बैठो दो मिनट" म्हणायचा. साहेब त्रास देतो. खोलीवाला कटकट्या आहे. आज जेवलोच नाही, पण माँ को बोल दिया खा लिया.

दुसऱ्या दिवशी फोनवर मी म्हणायची, "काल जेवला नव्हतास ना?"

"तुला कसं कळतं गं?"

"आईला कळतं."

मला हे बोलताना काय सुख व्हायचं, सांगू? आता तुम्हाला वाटेल, हाच तो गुन्हा, आईने चोरून ऐकलं. एवढंच असतं तर मी हा किस्सा कधीच हसत हसत सांगून टाकला असता. एवढंच असतं तर.

आता वनिताबद्दल सांगायला हवं.

वनिता माझी विद्यार्थिनी. विक्रमगडकडच्या एका पाड्यावरची, वारली. घरी थोडंसं भात, थोडी नाचणी. दिवाळी झाली की आई-बाप वीटभट्टीवर जायचे, ती वसतिगृहात राहायची. बोलायची कमी, पण एकदा सांगितलेलं विसरायची नाही. दहावीच्या परीक्षेआधी वसतिगृहात कावीळ पसरली, तेव्हा मी तिला घरी आणलं. आमच्या बाहेरच्या खोलीत झोपायची, आमच्यात जेवायची. तन्मय तेव्हा अकरावीत. दोघं एकाच टेबलावर अभ्यास करायचे. ती पुढे नर्सिंगला गेली, पालघरच्या एका सरकारी दवाखान्यात लागली. दर दिवाळीला रानातले कंद, करांदे, उकडून घेऊन यायची, पाया पडायची. मी स्टाफरूममध्ये सगळ्यांना सांगायची, "वनिता म्हणजे माझी लेकच." रक्तगट शिकवताना दरवर्षी वर्गाला विचारते, "यात जात कुठे दिसते का रे?" मुलं ओरडतात, "नाही बाई!" मला तो तास फार आवडतो.

ती रविवारची दुपार होती, रविवारी आम्ही दुपारीही जमायचो. हे रात्रपाळी करून आत झोपले होते. आमची गुहा झाली, बाकीचे गेले. तन्मय म्हणाला, "बकुलभाई, एक बात पूछनी थी. आप बड़े हो."

मी लिहिलं, "पूछ."

"एक लड़की है. वनिता. मेरी माँ की स्टूडेंट थी."

मला काहीच माहीत नव्हतं. काहीच. आईला सगळं कळतं म्हणणारी मी! ते दोघं कधीपासून बोलत होते, सुट्टीत आला की केळव्याच्या समुद्रावर भेटत होते, तो सांगत गेला आणि मी ऐकत गेले. लग्न करायचं होतं त्यांना. तिने घरी सांगितलं होतं. तिचा बाप म्हणाला होता, बाईंचं घर हाय, मग काय इचारायचं. उरले होते आम्ही.

"पापा को टाइम लगेगा," तो म्हणाला. "पर माँ का टेंशन नहीं है. माँ वैसी नहीं है. वो तो वनिता को बेटी मानती है. आप बताओ, सीधा बोल दूँ ना माँ को?"

माँ वैसी नहीं है.

मी काय होते त्या क्षणी? तुम्हाला खरं सांगायचं ठरवलंय, तर सांगते. मला पहिल्यांदा धुळ्याची माणसं दिसली. माझे दीर, जावा, भाचीचं लग्न, आणि तिथे कुणीतरी विचारतंय, सुनेचं माहेर कुठलं? मला वीटभट्टी दिसली. मला वनिताचा चेहरा दिसलाच नाही. लेक म्हणताना माझं कधी काही गेलं नव्हतं. सून म्हणायची पाळी आली, तेव्हा मी कोण आहे ते मला कळलं. आणि ते दुसऱ्या कुणाला कळू नये, एवढं एकच डोक्यात राहिलं.

कारण बघा ना, त्याने मला विचारलं असतं तर मला 'नाही' म्हणावं लागलं असतं. तोंडाने. माझ्या मुलासमोर. मग मी ती बाई राहिले नसते जी रक्तगट शिकवते. पण विचारत होता तो बकुलभाईला.

मी लिहायला लागले. इतक्या सहज सुचत गेलं सगळं! लिहिलं की माझ्याही मुलाने असंच केलं. मुलगी फार चांगली होती. माझी बायकोही तिला बेटी म्हणायची. लग्नाला हो म्हणाली, हसत हसत हो म्हणाली. आणि त्यानंतर आतून मोडली. घरात कुणी भांडलं नाही, पण ती मुलगी आमच्या घरात कायम पाहुणीसारखी राहिली. पंगतीत बायका तिच्या शेजारचं पान टाळायच्या. शेवटी दोघं दूर निघून गेली. "तेरी माँ भी हाँ बोलेगी," मी लिहिलं. "मुँह पे हाँ बोलेगी. तुझे कभी पता नहीं चलेगा. और उस लड़की का सोच. उसको सारी उमर सहना पड़ेगा. प्यार करता है तो उसको इसमें मत डाल. और माँ से पूछना भी मत, पूछेगा तो उसको झूठ बोलना पड़ेगा."

हे शेवटचं वाक्य. हे मी लिहिलं. याच्याहून जास्त काळजीपूर्वक मी आयुष्यात काही लिहिलेलं नाही.

त्याच्या खोलीतला पंखा ऐकू येत होता. इकडे आत ह्यांचं घोरणं. मग तो म्हणाला, "आपने अच्छा किया बता दिया, बकुलभाई. मैं तो बस अपना सोच रहा था."

त्यानंतर काही आठवडे तो फोनवर मला 'बरं आहे, बरं आहे' म्हणत राहिला. मी त्याला काही विचारलं नाही. आठ वाजता मात्र हजर. एके दिवशी बाकीचे यायच्या आधी म्हणाला, "कर दिया. बोल दिया उसको. वजह नहीं बताई." आणि पुढे काही न बोलता गुहेत शिरला. त्या दिवशी तो कुणाची वाट बघत नव्हता, एकटाच पुढे पळत होता, दहा-दहा राक्षस अंगावर घेत होता. इंदूरचे भाऊ ओरडत होते, अरे रुक ना भाई. मी मागून बटणं दाबत राहिले. चारदा मेला. मी चारदा उठवला. हेडफोनमध्ये तो नाक ओढत होता. सर्दी झाली आहे, म्हणाला.

मी तेव्हा तरी थांबवू शकले असते की नाही? एक फोन करायचा, "बाळा, वनिताचं काय म्हणतोस?" एवढंच. मी नाही केला. मी ते बकुलभाईंचं पात्रच पुसून टाकलं. संगणकावर झाकण घातलं.

महिनाभराने फोनवर तो सहज म्हणाला, "आई, माझा गेममधला एक मित्र होता, म्हातारे होते, एकदम यायचेच बंद झाले गं. नंबर पण नाही. काही बरंवाईट झालं नसेल ना?"

मी म्हटलं, "वय झालं असेल रे."

त्याने त्या खेळातल्या गावात त्यांचा किती दिवस शोध घेतला, हे मला नंतर त्याच्याच बोलण्यातून कळलं.

वनिता त्या दिवाळीला आली नाही. पुढच्या उन्हाळ्यात पालघरच्या बाजारात दिसली. पांढऱ्या गणवेशावर ओढणी, हातात आंब्यांची पिशवी. मला बघून थांबली. वाकायला लागली तशी मी तिचे खांदे धरले.

"बरी आहेस ना गं?"

"बरी हाय, बाई. जव्हारला बदली मागितली. तिकडं आमच्या बायांना नर्स समजत नाय, त्यांची भाषा कोणाला येत नाय. मला येते." मग थांबून म्हणाली, "तन्मय बरा हाय ना?"

"आहे की."

तिने माझ्याकडे नीट बघितलं. माझ्याच वर्गात, प्रयोग चुकला की बघायची तसं. "बाई, त्यानं तुमाला कधी काय सांगितलं होतं का?"

"कशाबद्दल?"

मी तिच्या डोळ्यांत बघून विचारलं हे. कशाबद्दल.

"काय नाय," ती म्हणाली. मला चार आंबे काढून दिले. मी नको नको म्हटलं तरी दिले. जव्हारला ती आता दवाखान्यात मोठी सिस्टर आहे, लग्नही झालंय, नवरा शिक्षक आहे. हे मी स्वतःला दिलासा म्हणून सांगत नाही. तिचं ते तिने उभं केलंय, त्यात माझं काही नाही.

तन्मयने लग्न केलेलं नाही. स्थळं दाखवली, तो हसून टाळतो. गेल्या गणपतीला आला होता. विसर्जन झालं, दुसऱ्या दिवशी किनाऱ्यावरच्या दांडी गावाहून मासेवाली आली, "बाई, ताजे हायत, पोरगा आलाय ना" म्हणाली आणि मी बोंबील घेतले. हे कामावर. तो स्वयंपाकघरात खाली बसून गरम गरम जेवत होता, मी तव्यावर तळत होते. आमची पाठमोरी बोलायची जुनी सवय, त्याला काही खास सांगायचं असलं की मी ओट्याकडे तोंड करून असलेलीच बरी वाटते.

"आई, एक विचारू?"

"विचार की."

"वनिता आठवते ना? आम्ही... म्हणजे आम्हाला लग्न करायचं होतं. तेव्हा मी तुला सांगितलं नाही. सांगितलं असतं तर तू काय म्हणाली असतीस?"

बोंबील तव्यावर होता. उलटायला झाला होता. मी उलटला. खरं सांगायला याहून चांगली वेळ कुठली येणार होती? घरात दोघंच. त्याने स्वतः विचारलेलं. आणि मला माहीत आहे, त्याने ऐकून घेतलं असतं. कदाचित उठून गेला असता, कदाचित वर्षभर बोलला नसता, पण त्याला कळलं असतं.

मी मागे वळले. चेहऱ्यावर आश्चर्य आणलं. म्हणाले, "वेड्या! मी काय म्हणणार? मी नाचले असते. लेकच होती ती माझी. तू मला विचारलं का नाहीस?"

त्याचा घास हातातच राहिला. तो माझ्याकडे बघत होता. डोळे भरलेले, पण रडला नाही. मान हलवली, आणि अगदी हळू म्हणाला, "म्हणजे मीच मूर्ख."

मूर्ख तो नव्हता. त्याने एका माणसावर विश्वास ठेवला होता, आणि तो माणूस त्याच्यासमोर हातात उलथनं घेऊन उभा होता. मी तोंड उघडलं. खरंच उघडलं होतं.

"अजून एक वाढू?" मी विचारलं.

त्याने ताट पुढे केलं.